आधी अंधार, मग यंत्र

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



घरातल्या भिंतीवर सिनेमा दाखवणारा प्रोजेक्टर आणि त्याचा पडदा बेताच्या पैशांत कसा निवडावा, याबद्दल आज मी बोलणार आहे. मी या विषयातला तज्ज्ञ नाही. माध्यमिक शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झालो. माझी पात्रता एवढीच, की साडेअकरा हजार रुपयांची चूक मी स्वतःच्या हातानं केली आणि ती का झाली, हे नंतर वही-पेन घेऊन शोधून काढलं.

त्याचं असं झालं. माझी आई ८२ वर्षांची. सिनेमाची विलक्षण आवड. आमच्या तालुक्याच्या गावी एकच टॉकीज होतं, तिथं बदललेला प्रत्येक सिनेमा तिनं पाहिलेला. पुढं टॉकीज बंद पडलं आणि त्याच सुमारास आईच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली. डोळ्याच्या आतला पडदा वयोमानानं झिजलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. समोरच्या माणसाचा चेहराच नेमका पुसट होतो, कडेचं मात्र दिसतं. टीव्हीवरची माणसं तिला ओळखू येईनात. आवाजावरून ती विचारायची, "हा कोण रे, तोच का?" पुढं पुढं तिनं विचारणंही सोडलं. टीव्ही लावला की ती उठून देवघरात जाऊन बसायची.

डॉक्टर म्हणाले होते, वस्तू मोठ्या करून दाखवा आणि रंगांचा उठाव चांगला ठेवा. त्यातलं 'मोठ्या' एवढंच मी लक्षात ठेवलं. मनात आलं, आपण घरातच टॉकीज केलं तर?

पैसे माझ्याकडे नव्हते. होते सौ.कडे. भिशीचे बारा हजार तिनं पिको-फॉलच्या मशीनसाठी बाजूला ठेवले होते. ती म्हणाली, "अहो, आधी आईंचं होऊ दे. मशीन काय, दिवाळीनंतर बघू." मी शहरात गेलो आणि एक प्रोजेक्टर घेऊन आलो. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ९००० लुमेन. लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप, इतपत मला माहीत होतं. शेजारी महागड्या कंपनीचं यंत्र होतं, त्यावर ३००० लिहिलेलं. मी मनात म्हटलं, तिप्पट प्रकाश आणि किंमत चौथाईनं कमी नव्हे, चौथाईच! वर्गात एखाद्या मुलानं असं उत्तर काढलं असतं, तर मी त्याला पुन्हा ताळा करायला लावला असता. दुकानात मी ताळा केला नाही.

रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये खेळ लावला. भिंतीवर पांढरी चादर ताणली, दहा फुटांवर यंत्र ठेवलं, शंभर इंची चित्र पाडलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शंभर इंच, म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. आईनं तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलेला सिनेमा मुद्दाम लावला होता, कृष्णधवल. नातवंडं जमली. बारा फुटांवर सोफ्यात आईला मधोमध बसवलं.

चित्र मोठं होतं यात शंका नाही. पण काळं कुठंच नव्हतं. नायकाचा काळा कोट राखाडी, रात्र राखाडी, चेहरे त्याहून थोडे फिके राखाडी. आई दहा मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, सगळं पाण्यात भिजल्यासारखं दिसतंय. माणसं कुठं आहेत?" मग माझं तोंड बघून म्हणाली, "चांगलं आहे हो, मोठं आहे." आणि उठून देवघरात गेली. सौ. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं विकलेला माल परत घ्यायला नकार दिला. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं छापलेलंच होतं.

आमच्या गल्लीत बापू राहतात. बंद पडलेल्या त्या टॉकीजमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काम केलं. कार्बनच्या कांड्या जाळून प्रकाश करायचा तो काळ त्यांनी पाहिलाय. हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालायचं आणि तेवढ्या वेळात कांड्यांमधलं अंतर सारखं जुळवत राहावं लागायचं. माझी फजिती त्यांच्या कानावर गेली. रात्री जेवणं झाल्यावर ते आले. यंत्राकडं त्यांनी बघितलंही नाही. हॉलच्या मधोमध उभे राहून छताकडं, भिंतींकडं, खिडकीकडं बघत राहिले. म्हणाले, "सर, मशीन लावू नका. नुसते दिवे बंद करा."

दिवे बंद केले. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा आत येत होता. दाराच्या फटीतून स्वयंपाकघरातला उजेड. डोळे सरावल्यावर मला चादर स्वच्छ दिसायला लागली.

"किती काळी दिसतीय चादर?" बापूंनी विचारलं.

"काळी कुठं? पांढरीच दिसतेय."

"मग हिच्यावर काळा कोट कुठनं दिसनार? मशीन काळा रंग टाकत न्हाय सर. मशीन उजेड टाकतं. जितं उजेड टाकत न्हाय, तितं काळं. त्ये काळं खोलीनं द्यायचं असतं."

श्रोतेहो, या विषयावर मी पुढं बरंच वाचलं, पण याहून मोलाचं वाक्य मला सापडलं नाही. टीव्हीचा पडदा मुळातच काळा असतो. सिनेमाचा पडदा पांढरा असतो आणि तुमच्या खोलीत जेवढा अंधार, तेवढंच तुमचं काळं गडद. बाहेरचा उजेड थांबवला तरी काम संपत नाही. खुद्द सिनेमाचाच प्रकाश पडद्यावरून उलटतो, आपल्या पांढऱ्या छतावर आणि भिंतींवर आपटतो आणि परत पडद्यावर येऊन काळ्याचं राखाडी करतो. टॉकीजच्या भिंती गडद रंगाच्या असत, छत काळपट असे, दारांना जाड पडदे असत, ते उगीच नव्हे.

हे शास्त्र आपल्याकडं जुनंच आहे. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईतला पहिला खेळ वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला. त्याच शतकाच्या अखेरीस कल्याणचे पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' नावानं काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ दाखवत. तेव्हाचा दिवा आजच्या मानानं मिणमिणताच. अंधार चांगला असला की थोडा उजेडही पुरतो, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

आता माझ्या नऊ हजार लुमेनचं काय झालं ते सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडं लक्समीटर आहे, म्हणजे उजेड मोजायचं छोटं उपकरण. ते आणलं. प्रोजेक्टरचा प्रकाश मोजायची मान्य पद्धत सोपी आहे. संपूर्ण पांढरं चित्र पाडायचं, त्याचे तीन आडवे आणि तीन उभे असे नऊ समान भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची. ती सरासरी गुणिले चित्राचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, की झाले लुमेन. माझी सरासरी आली ७२. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर. गुणाकार १९९. नऊ हजार लिहिलेलं यंत्र दोनशेही देत नव्हतं.

खोक्यावरच्या अशा आकड्यांना काही आधार नसतो. कुणी आतल्या दिव्याचा प्रकाश लिहितं, जो भिंगातून बाहेर येईतो बहुतेक वाया गेलेला असतो. कुणी काहीही लिहितं. ज्या आकड्याच्या आधी 'अन्सी' किंवा 'आयएसओ' असं लिहिलेलं असतं, तो वर सांगितलेल्या नऊ चौकोनांच्या पद्धतीनं मोजलेला असायला हवा. नुसते 'लुमेन' लिहिलं असेल, तर तो आकडा वाचूच नका. मी ज्याला तुच्छ लेखलं, त्या महागड्या यंत्रावरच्या ३००० च्या आधी 'अन्सी' लिहिलेलं होतं, हे मला नंतर आठवलं.

मग किती प्रकाश लागतो? इथं गणिताचा मास्तर उपयोगी पडतो. पूर्ण अंधारात, साध्या पांढऱ्या पडद्यावर, चौरस फुटाला १४ ते १६ लुमेन पडले, तर सिनेमागृहाच्या तोडीचा उजेड झाला. म्हणून पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा आणि त्याला १६ ने गुणा. शंभर इंची पडदा जवळपास ३० चौरस फूट, म्हणजे ४८० लुमेन. ऐंशी इंची १९ चौरस फूट, म्हणजे साधारण ३००. साठ इंची पावणेअकरा चौरस फूट, म्हणजे १७०. जुन्या पद्धतीचा दिवा वापरून वापरून मंद होतो. कंपनी सांगते ते दिव्याचं आयुष्य म्हणजे त्याचा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ. म्हणून आलेल्या उत्तराची दुप्पट धरा. शंभर इंचांसाठी खरे हजार लुमेन अंधाऱ्या खोलीत पुष्कळ झाले.

हे गणित वहीत मांडलं आणि माझ्या लक्षात आलं, की माझं यंत्र अगदीच टाकाऊ नव्हतं. त्याच्याकडं दोनशे होते आणि साठ इंचांना १७० पुरतात. आपणच त्याच्या ताकदीच्या अडीच-तीन पट ओझं त्याच्यावर लादलं होतं.

"पण बापू, साठ इंच म्हणजे लहानच की. आईला मोठं हवंय."

बापू हसले. "आजींची खुर्ची पुढं घ्या की सर."

बारा फुटांवरून शंभर इंच जेवढे दिसतात, तेवढेच सात फुटांवरून साठ इंच दिसतात. त्रैराशिक आहे, पाचवीतलं.

मग हॉलचा नाद सोडला आणि आईच्याच दहा बाय अकराच्या खोलीत मांडामांड केली. खिडकीला जाड गडद कापडाचे दुहेरी पडदे शिवले. ते सौ.नं तिच्या जुन्या मशीनवर शिवले, हेही सांगायला हवं. दाराच्या फटीला खालून कापडाची गुंडाळी. पडद्याच्या बाजूच्या दोन्ही भिंती आणि तिथलं छत चार फुटांपर्यंत गडद तपकिरी रंगवलं, चमक नसलेल्या रंगानं. आईनं विचारलं, "एवढं काळं कशाला करताय रे माझ्या खोलीत?" बापू म्हणाले, "आजी, टाकीज करतोय."

पडद्याचं बापूंनीच शिकवलं. त्यांनी मला चालू यंत्रासमोरच्या चादरीच्या मागं नेलं. मागूनही सिनेमा दिसत होता. "ह्यो जेवढा उजेड मागं आलाय, तेवढा तुमचा गेला," ते म्हणाले. खिडकीच्या पडद्यांना अस्तर म्हणून जे उजेड न जाऊ देणारं पांढरं कापड मिळतं, ते आणलं. सुताराकडून सरळ पट्ट्यांची लाकडी चौकट करून घेतली. कापड चौकटीवर ठोकताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर आणि मग कोपऱ्यांकडं जायचं, म्हणजे सुरकुती पडत नाही. भोवती तीन इंच रुंद काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली. त्या काळ्या चौकटीत तेच चित्र आणखी उठून दिसायला लागलं. चौकट, कापड, मखमल मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला.

यंत्र बुटक्या टेबलावर पडद्याच्या बरोबर मध्यरेषेत, सहा फुटांवर ठेवलं. पहिल्या दिवशी मी ते कडेच्या स्टुलावर तिरकं ठेवून बटणानं चित्र चौकोनी करून घेतलं होतं. तसं करू नये. तिरकं चित्र यंत्राकडून सरळ करून घेतलं, की चित्राचे कितीतरी ठिपके वाया जातात आणि बारकावा हरवतो. यंत्रच सरळ ठेवावं.

आठवड्यानं तोच सिनेमा पुन्हा लावला. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी, तुमच्यापैकी जे घ्यायच्या विचारात असतील, त्यांच्यासाठी आणखी चार गोष्टी.

पहिली, खरंच प्रोजेक्टर हवा आहे का? दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून बातम्या आणि क्रिकेट बघायचं असेल, तर त्याच पैशांत टीव्ही घ्या. कितीही चांगला प्रोजेक्टर दुपारच्या उन्हाशी झुंजू शकत नाही.

दुसरी, चित्राचा बारकावा. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, यंत्र तसं चित्र आत घेतं. बाहेर काय टाकतं, ते वेगळं. 'मूळ' म्हणजे 'नेटिव्ह' रिझोल्युशन किती, ते विचारा. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांवर ठिपके. माझ्या यंत्राचं निघालं १२८० गुणिले ७२०, म्हणजे सव्वानऊ लाख, निम्म्याहून कमी. साठ इंचांवर ते खपून जातं, शंभर इंचांवर उघडं पडतं.

तिसरी, अंतर. प्रत्येक यंत्राचं एक ठरलेलं प्रमाण असतं, त्याला 'थ्रो रेशो' म्हणतात. पडद्याच्या रुंदीला त्यानं गुणलं, की यंत्र किती दूर ठेवायचं ते कळतं. प्रमाण दीड असेल, तर सव्वासात फूट रुंद पडद्यासाठी जवळजवळ अकरा फूट हवेत. तुमची खोली दहा फुटांची असेल, तर ते यंत्र कितीही चांगलं असो, तुमच्या कामाचं नाही. म्हणून दुकानात जाताना खिशात खोलीची मापं न्या. सिनेमासाठी पडद्यापासूनची बैठक पडद्याच्या तिरप्या मापाच्या सव्वा ते दीडपट दूर असावी.

चौथी, ऑफिसातून निघालेली यंत्रं. जुन्या बाजारात ती स्वस्त मिळतात आणि उजेड भरपूर देतात. पण त्यांतली बरीचशी उजेडाच्या खोलीत तक्ते दाखवण्यासाठी केलेली असतात. पांढरा प्रकाश दणदणीत, रंग मात्र फिके आणि काळं राखाडी. शिवाय दिवा किती तास जळालाय ते यंत्राच्या मेनूत दिसतं, ते बघा आणि नवा दिवा केवढ्याला पडतो ते विचारूनच पैसे द्या.

पडद्याबाबत थोडक्यात. घरासाठी चमक नसलेला साधा पांढरा पडदा सर्वांत निर्धास्त. गुंडाळायचा पडदा सोयीचा, पण स्वस्तातल्याला काही महिन्यांत कडेनं लाटा पडतात. चौकटीवर ताणलेला सपाट राहतो. काचेच्या मण्यांचे चमकदार पडदे समोरून झगझगीत आणि बाजूला बसणाऱ्याला मंद दिसतात. उजेडातही चालणारे खास पडदे आहेत, पण ते महाग. भिंत अगदी सपाट असेल, तर उत्तम लांबी करून बिनचमकीचा पांढरा रंग दिला तरी काम भागतं. आवाजासाठी यंत्रातल्या चिमुकल्या स्पीकरवर विसंबू नका. घरात जुना टेपरेकॉर्डर किंवा स्पीकरची जोडी असेल, तर ती वायरीनं जोडा. बिनवायरीच्या जोडणीत कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

खरेदीच्या वेळी दुकानातले दिवे बंद करायला सांगा आणि रात्रीचा प्रसंग असलेला एखादा सिनेमा लावून बघा. फुलं, पोपट आणि समुद्रकिनारे दाखवणारी नमुन्याची फीत कुठल्याही यंत्रावर चांगलीच दिसते. काळोखातला माणसाचा चेहरा ओळखू येतो का, ते बघा. जवळ उभं राहून पंख्याचा आवाज ऐका. दुरुस्ती कुठं होते, ते विचारा. परतीची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. हे शेवटचं मी साडेअकरा हजार देऊन शिकलोय.

थोडक्यात, पैसे कमी असतील तर ते या क्रमानं खर्च करा. आधी अंधार, मग मोजमाप, मग पडदा आणि सर्वांत शेवटी यंत्र. मी नेमका उलटा गेलो होतो.

आता त्या दुसऱ्या खेळाबद्दल. आईला खुर्चीत बसवलं, दिवे मालवले. बापू दाराशी उभे होते, सवयीनं, खेळ सुरू होईपर्यंत बसायचं नाही. नामावली संपली. नायकाचा कोट काळाभोर होता. आई थोडी पुढं झुकली, मग मान जराशी वळवून डोळ्यांच्या कडेनं बघायला लागली. आता तसंच बघते ती. थोड्या वेळानं तिनं नायिकेच्या मैत्रिणीचं काम करणाऱ्या एका नटीचं नाव घेतलं. त्या वेळी ती नटी काहीच बोलत नव्हती. आवाज नव्हता. आईनं तिला चेहऱ्यावरून ओळखलं होतं.

बापू तेव्हा बसले.

हॉलसाठी मोठं यंत्र घ्यायचा विचार मुलगा अधूनमधून काढतो. मी त्याला सांगितलंय, यादीत पहिल्यांदा पिको-फॉलचं मशीन होतं. ते दिवाळीनंतर आलं. आता हॉलच्या खिडकीची मापं घेतली आहेत, पडदे शिवायला टाकलेत. यंत्राचं पुढं बघू. तोवर दर शनिवारी रात्री आईच्या खोलीत खेळ असतो. गल्लीतल्या दोन आजी येतात. जागा तेवढीच आहे.